धुडकू मास्तरांचे कोपरे

"कोपऱ्याला काय घाबरायचं? भिंत संपली की कोपरा येतोच," असं म्हणून धुडकू मास्तरांनी शालिग्राम सुताराला दारातूनच वाटेला लावलं. बिचारा एवढंच म्हणाला होता, की नक्षीची लाकडी पट्टी ठोकायला सोपी, पण कोपऱ्यात तिरपी कापून जुळवायला सराईत हात लागतो. झालं! मास्तरांना कापायला शिकवतो? ते सुरतेच्या परकर-कारखान्यातले कटिंग मास्तर. अख्ख्या डिंडोलीत आपल्यासारखी कात्री कोणाची नाही, असं त्यांचं स्वतःचंच मत होतं.

घाई होती कानबाईच्या सणाची. यंदा श्रावणात देवी पहिल्यांदाच त्यांच्या घरी बसणार होती. रविवारी सगळे भाऊबंद रोटांचा प्रसाद खायला येणार. त्यात गोडादऱ्याचे मारुतीदादा, मास्तरांचे थोरले चुलतभाऊ. दुसऱ्याच्या घरात खोट काढल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. आपल्या घराला मात्र कोणी नावं ठेवू नयेत, एवढीच मास्तरांच्या बायकोची, उज्ज्वलाबाईंची इच्छा. चुना देऊन झाला होता. छताखालून चारी भिंतींना फिरणारी पट्टी तेवढी राहिली होती.

शनिवारी सकाळी मास्तरांनी चारी पट्ट्या कापडाच्या थरासारख्या एकावर एक रचल्या, सुतळीने आवळल्या आणि करवत चालवली. परकराची उरेब पट्टी कापतात तशीच. दोन्ही टोकं तिरपी, आणि दोन्ही एकाच बाजूला कललेली. आता कापडात ते शोभतं हो, पण कोपऱ्यासाठी पट्टीच्या दोन टोकांचे कल एकमेकांच्या उलट लागतात, हे त्यांना सांगणार कोण? सांगणारा तर दारातूनच परत गेलेला.

पहिल्या कोपऱ्यात उंदीर जाईल एवढी फट पडली. मास्तर म्हणाले, भिंत वाकडी आहे. दुसऱ्या कोपऱ्यात तीच गत. मग घर बांधणाऱ्या गवंड्याचा उद्धार झाला. पुन्हा कापलं, पण वर्षानुवर्षांची सवय, हात त्याच कलाने फिरला. असं करता करता दुपारपर्यंत पट्ट्या इतक्या आखडल्या, की एकही धड कोपऱ्यापर्यंत पोचेना.

उज्ज्वलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शालिग्रामला बोलावू का, असं त्यांनी हळूच विचारलं.

"माझं कापलेलं आजवर वाया गेलेलं नाही," मास्तर कडाडले, आणि रागाने दोन पट्ट्या जमिनीवर आपटल्या. त्या टोकाला टोक लागून पडल्या. कलाला कल असा बसला, की सांधा दिसेना! मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. दोन-दोन पट्ट्या जोडून, जास्तीचं छाटून, देवीच्या मागच्या एकाच भिंतीवर त्यांनी दोन लांबलचक ओळी ठोकल्या, एकीखाली एक. बाकीच्या तीन भिंती कोऱ्याच राहिल्या.

रविवारी मारुतीदादांनी आल्याआल्या विचारलं, की पट्टी एकाच भिंतीला का?

"साज देवीला असतो दादा, पाहुण्यांना नसतो," मास्तर ताठ मानेने म्हणाले.

दादा स्टुलावर चढले. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. खोट सापडेना. "सांधा कोठे शे रे?" म्हणत त्यांनी पुन्हा बोट फिरवलं, आणि शेवटी हरले. उज्ज्वलाबाईंचा जीव भांड्यात पडला. मास्तरांची छाती फुगली.

"धुडकू, मना घर बी करी दे," दादा खाली उतरत म्हणाले. "पण मले चारी भिंती पाहिजेत."

"दिवाळीच्या आत करतो," मास्तर बोलून गेले.

उज्ज्वलाबाईंनी त्यांच्या ताटात रोट वाढला आणि कानाशी वाकल्या. "हो म्हणालात ते ठीक. पण दादांच्या खोलीला कोपरे आहेत का, तेवढं आधी विचारून घ्या."