भोयर सरांचा कूलर

मे महिन्यात नागपुरात कूलर बंद ठेवणारा माणूस एकतर कंजूष असतो, नाहीतर शास्त्रज्ञ. आमचे भोयर सर दुसऱ्या जातीचे. विभागातलं रेणूंचं वजन करणारं लेसरचं यंत्र त्यांच्या ताब्यात होतं. प्रथिनाचा नमुना मॅट्रिक्स नावाच्या रसायनात कालवायचा, पोलादी प्लेटवर थेंबभर वाळवायचा आणि त्यावर लेसर मारायचा. कूलरच्या ओल्या हवेत थेंब नीट वाळत नाही. म्हणून त्या खोलीत कूलर नाही, शेजारच्या खोलीतही नाही. शेजारची खोली माझी.

"मार मॅट्रिक्सनं खायचा, प्रथिनानं नुसतं उडायचं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. लेसरचा जोर वाढवला की प्रथिनाचे तुकडे होतात, हे दुःख त्यांना कुठेही आठवे. लग्नात जिलबी वाढणाऱ्यालाही ते म्हणत, "हळू गा, तुटून राहिली ते."

विभागप्रमुखांना यंत्राची आठवण पाहुणे आले की होई. लेसर वाढवील त्याला यंत्र कायमचं बंद, असा त्यांचा हुकूम होता. गेल्या उन्हाळ्यात पाहुणे आले. यंत्राला हार घातला गेला आणि सरांचा विरोध मोडून समोर कूलर लागला. प्रात्यक्षिक प्रतिभाकडे होतं, शेजारी सर उभे. मौदा गावची ही मुलगी, पीएचडीचं शेवटचं प्रकरण याच यंत्रावर अडलेलं. थेंब चिकटच राहिला. पडद्यावर काही दिसेना. प्रमुख खाकरले. तिनं घाबरून गुपचूप लेसर वाढवला, आणि पडद्यावर तुकड्यांच्या रेघांचं नुसतं गवत उगवलं.

पाहुणे गेल्यावर प्रमुखांनी विचारलं, "लेसर कोणी वाढवला?"

"मीच," भोयर सर म्हणाले.

"तुम्ही?"

"उन्हानं डोकं फिरते जी कधीकधी."

यंत्राची किल्ली दुसऱ्याकडे गेली. सर आपली खुर्ची घेऊन माझ्या खोलीत आले. मागोमाग प्रतिभा आली, डोळे लाल.

"सर, तुम्ही काहून असं..."

"किती काम राहिलं तुयं?"

"महिनाभराचं."

"मग जाय वं. नीट वाळव."

आता सरांची हरकत उरली नाही, असं समजून मी दुसऱ्या दिवशी कूलर आणला, पाणी भरलं, बटण दाबलं. सर भिंतीला खुर्ची लावून बसले होते. पलीकडे यंत्राचा पंप घरघरत होता.

"बंद करा जी," ते भिंतीकडे पाहतच म्हणाले. "पोरीची प्लेट वाळून राहिली."