मी एकट्याने गाडी जोडली

"आज निघताना मागची गाडी मी एकटा जोडणार," असं मी सकाळी पॅनकेक खाताखाता जाहीर केलं. एवढंच. यापलीकडे माझा काही गुन्हा नाही.

आम्ही मिनेसोटाचे. नोकरीतून सुटल्यापासून (म्हणजे विमा कंपनी माझ्यातून सुटल्यापासून) आम्ही हिवाळाभर टेक्सासच्या दक्षिण टोकाला, आमच्यासारख्यांच्या तळावर, मोटरहोममध्ये राहतो आणि मार्च सरता सरता घरी परततो. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं आख्खं घर. ते घेऊन दूध आणायला जाता येत नाही, म्हणून त्याच्या मागे एक छोटी गाडी जोडून न्यायची.

ही जोडणी हा आमच्याकडे धर्म आहे. मोटरहोमच्या मागून दोन लोखंडी दांडे येतात, ते गाडीच्या नाकाशी पिना घालून अडकवायचे. पिना निसटू नयेत म्हणून त्यांना क्लिपा. दांडा तुटलाच तर म्हणून दोन जाड तारा. दिव्यांची वायर. मग गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक खाली आणि किल्ली थोडी फिरवलेली, नाहीतर स्टिअरिंग कुलूपबंद राहतं आणि पुढची चाकं रस्त्यावर घासत जातात. शेवटी मोटरहोम जरासं पुढे घ्यायचं, दांडे 'खट्' करून ताठ बसले की थांबायचं, उतरायचं आणि सगळ्याला पुन्हा एकदा चक्कर मारायची. हे सगळं आमच्याकडे माझी बायको व्हर्ना करते. मी तिचा कॉफीचा मग धरतो.

तर त्या मग धरण्यावरून आदल्या दिवशी सगळ्या तळाने माझी टर उडवली होती. शेजारचा ग्लेन टोलेफसन म्हणाला, "आर्विड, मग चांगला धरतोस हं. पडू देत नाहीस." ते मला लागलं.

"तू जोडणार?" व्हर्नाने विचारलं. "एकटा?"

"एकटा. आणि तू मधे मधे बोलायचं नाहीस."

"बरं," ती म्हणाली. "पुढच्या थांब्यापर्यंत मी एक शब्द बोलले, तर नाव बदल माझं." आणि ती मागच्या झोपायच्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. दार आपटत नाही तेव्हा प्रकरण जास्त गंभीर असतं, हे विवाहितांना सांगायला नको.

मी बाहेर आलो. आमच्या तळावर एक कडक रिवाज आहे: जोडणी करणाऱ्या माणसाशी कोणी बोलायचं नाही. एका 'गुड मॉर्निंग'पायी माणूस पिन विसरतो आणि मैलभर पुढे त्याची गाडी त्यालाच ओव्हरटेक करते. म्हणून जोडणी सुरू झाली की सगळे घडीच्या खुर्च्या घेऊन येतात, अर्धगोल करून बसतात आणि चर्चमध्ये बसावं तसे गप्प बघतात. त्या दिवशी तर गर्दी विशेष होती. ग्लेनची बायको मार्लिस विणकाम घेऊन आली होती.

मी दांडे अडकवले. पिना घातल्या. तारा लावल्या. वायर खोचली. गाडीत डोकावून न्यूट्रल केलं, हँडब्रेक सोडला. हात पँटला पुसले आणि प्रेक्षकांकडे असं पाहिलं, जणू पूलच बांधून झालाय. कोणी हूं की चूं केलं नाही. (नंतर कळलं, मार्लिसने ओठ दाताखाली धरले होते.)

मग ऐटीत पुढे जाऊन बसलो आणि हळूच पुढे घेतलं. खट्! काय तो आवाज! खरं तर इथे थांबून उतरायचं होतं. पण एवढ्या लोकांसमोर 'खट्' झाल्यावर पुन्हा उतरून पिना चाचपणं मला कमीपणाचं वाटलं. मी सरळ निघालो. आरशात पाहतो तर सगळा तळ खुर्च्या सोडून उठलेला, दोन्ही हात हलवतोय, ग्लेन तर टोपी उडवत पळतोय. माझे डोळे भरून आले. माणसं बघा किती माया लावतात! मीही हात बाहेर काढून खूप वेळ हलवला.

हायवेला लागलो. त्या दिवशी वारा मधूनच असा समोरून येत होता की मोटरहोम पुढे सरकायलाच तयार नव्हतं. मी अॅक्सिलरेटर आणखी दाबायचो. शिवाय मागे कोणीतरी सारखा हॉर्न वाजवत होता. "हल्लीच्या पोरांना धीर नाही," मी मोठ्याने म्हणालो. खोलीतून उत्तर नाही. (मागचं दिसावं म्हणून आमच्याकडे कॅमेरा आहे. त्याच्या पडद्यावर मी माझी टोपी अडकवतो.)

ओट्यावर व्हर्नाचा फोन वाजायला लागला. वाजतोय, वाजतोय, थांबतोय, परत वाजतोय.

"व्हर्ना, फोन! अगं राग माझ्यावर आहे ना, फोनने काय केलंय?"

फोन वाजून वाजून थांबला. मग मलाच कसंतरी झालं. समोर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना कुरणं, आणि पाठीमागे बायको रुसलेली. एरवी तोंडावर जे कधी म्हणत नाही, ते पाठ करून बसल्यावर सोपं जातं. मी म्हणालो, "हे बघ, खरं सांगतो. तू आहेस म्हणून मी हिंडतोय. नाहीतर मिनेसोटात बर्फ उपसत बसलो असतो. तुझ्या हातचं बटाट्याचं सॅलड सगळ्या तळात पहिलं संपतं. माझं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू खुर्चीतच झोपायचीस, ते मी विसरलेलो नाही. मी फार नशीबवान माणूस आहे." एवढं बोलल्यावर माझा मलाच हुंदका आला. मागे लांबलचक हॉर्न वाजला. मी खिडकीतून त्याला पुढे जा म्हणून खूण केली.

तो पुढे गेला नाही. त्याऐवजी पोलिसांची गाडी आली, दिवे लावून, भोंगा देऊन. मी मोटरहोम हायवेकडेच्या थांब्याच्या आवारात घेतलं. तरुण पोलीस होता, मेंडिओला नावाचा, अदबीने बोलणारा.

"सर, मागच्या गाडीतल्या बाई कोण?"

"मागच्या गाडीत कोणी नाही. ती ओढायची गाडी आहे."

"तेच म्हणतोय. ओढायच्या गाडीत माणूस बसवणं कायद्यात बसत नाही."

"अहो, आम्ही दोघंच असतो. बायको आत झोपलीये. दाखवतो."

मी खोलीचं दार उघडलं. पलंग रिकामा. उशीवर तिचा चष्म्याचा डबा. पांघरूण घडी केलेलं. तिला तळावर सोडून आलो की दारातून पडली, कुठे पडली, केव्हा पडली, काही सुचेना. मी पलंगाच्या कडेला धरून तिचं नाव घेत राहिलो. आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो.

आणि मागून हॉर्न वाजला.

मी धावत गेलो. आमच्या छोट्या गाडीत, स्टिअरिंगमागे, दोन्ही हात चाकावर घट्ट धरून व्हर्ना बसली होती. केस विस्कटलेले, चेहरा लालबुंद.

मेंडिओलाने काचेशी वाकून हळूच विचारलं, "मॅडम, तुम्ही इथे स्वखुशीने बसला आहात का?"

"चाळीस वर्षांपूर्वी बसले होते स्वखुशीने," व्हर्ना म्हणाली. "मग उतरायला जागाच मिळाली नाही."

"पण तू इथे कशी?" मी ओरडलो.

"तू पुढे बसायला गेलास तेव्हा खाली उतरले. उजव्या पिनेची क्लिप गवतात पडली होती. ती लावली. मग आत बघितलं तर किल्ली फिरवलेली नाही. बसून फिरवली, आणि तू निघालास." ती श्वास घ्यायला थांबली. "सारखे ब्रेक मारत होते मी. तू आणखी जोरात पळवायचास."

"हाक तरी मारायचीस!"

"शब्द दिला होता ना, बोलणार नाही म्हणून. हॉर्नबद्दल काही ठरलं नव्हतं."

मेंडिओला गुडघ्यावर बसून पिन पाहत होता. तो उठला तेव्हा हसत नव्हता. "सर, ही क्लिप नसती ना, तर पिन कधीच निसटली असती. या वाऱ्यात गाडी आडवी झाली असती." मग त्याने आम्हाला दंड केला नाही, फक्त बाईंना मोटरहोमच्या पुढच्या सीटवर बसवायला सांगितलं. देव त्याचं भलं करो.

मी व्हर्नाचे हात हातात घेतले. ती आत आहे असं समजून मोटरहोममध्ये जे जे बोललो होतो, ते तसं कबूल करून सगळं मी तिला पुन्हा सांगितलं, त्या पोलिसासमोर, सॅलडसकट. म्हणालो, तू नसतीस तर मी नसतो. तिने ऐकून घेतलं, माझ्या गालाला हात लावला आणि डोळे पुसले.

"हे तू रिकाम्या पलंगाला सांगत होतास?"

"हो."

"आर्विड, चल. मी चालवते. तू मागे उभा राहून दिवे बघ. दिवे तपासल्याशिवाय आता हलायचं नाही."

मी आनंदाने मागे जाऊन उभा राहिलो. डावा दिवा लागला. उजवा लागला. ब्रेकचे लागले. "सगळं ठीक!" मी ओरडलो.

मोटरहोम अलगद निघालं, मागून गाडी निघाली, आणि त्यांच्या मागून मी. आवाराच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत तिने गाडी थांबवली नाही. मेंडिओला विचारत होता, "सर, सोडू का पुढपर्यंत?" पण मला बोलायला दम नव्हता. दिवे मात्र एक नंबर चालत होते. धावता धावता मला ते शेवटपर्यंत अगदी जवळून पाहता आले.