विमानाचं पॅकिंग

मूर्तिजापुरात अब्दुल सत्तारचं ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा त्याची फुशारकी जास्त चालायची. "गळनारी वस्तू आना, कोरडी घेऊन जा," हे तो गिऱ्हाइकाला आधी ऐकवायचा आणि मग पाना शोधायचा. त्यामुळे शिवणीच्या धावपट्टीवरचा चौकीदार देवीदास मोटरसायकलवरून धापा टाकत आला आणि "विमान गळून राहिलं" म्हणाला, तेव्हा सत्तारनं कोणतं विमान, कोणाचं विमान, काही विचारलं नाही.

"किती गळते?" एवढंच विचारलं आणि मागे बसला.

विमान होतं पुण्याच्या कॅप्टन सबनीसांचं. दोन माणसं बसतील एवढंच, पण वयानं सत्तारपेक्षा मोठं. नागपूरला जाता जाता इथं उतरलं आणि डाव्या पायावर असं वाकलं, की आता बसायला पाट मागतंय की काय! खाली लाल तेलाचं थारोळं.

"ओलिओ गळतोय," कॅप्टन म्हणाले.

"ओलं हाय थे तं दिसूनच राहिलं, साहेब. गळते कुठून थे सांगा."

कॅप्टननी समजावलं, की ओलिओ म्हणजे ती पायातली नळी. तिच्यात तेल आणि हवा असते, उतरतानाचा दणका ती गिळते. सत्तारनं आधी नळीतली हवा सोडली, मग नळी उघडली, बोट बुडवून तेलाचा वास घेतला. नाडीपरीक्षा झाल्यावर वैद्यबुवा करतात तसा चेहरा केला.

"ह्याच्यात पह्यले एरंडीचं तेल असंन. रबर त्याच्याच सवयीचं. कोन्या शहाण्यानं हे लाल तेल टाकलं, रबर फुगलं अन् फाटलं. माह्या दुकानात लाल तेलाले चालनारं रबराचं पॅकिंग हाय. ट्रॅक्टरचं हाय, पन ह्याच मापाचं."

कॅप्टन चकित झाले. पुण्यातल्या तीन मेकॅनिकांना जे कळलं नव्हतं ते या माणसानं वासावरून सांगितलं होतं. ते म्हणाले, "सत्तारभाई, चारच्या आत पाय उभा झाला, तर तुम्हाला एक चक्कर मारून आणतो. चारनंतर मात्र अंधाराआधी मला थेट नागपूर गाठावं लागेल."

लहानपणी शेतातून विमानामागे धावताना दोनदा विहिरीत पडला होता सत्तार. त्याला चक्कर हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

त्यानं चौकीवरून दुकानाशेजारच्या उत्तमरावाच्या टेलिफोन बूथवर फोन लावला. उत्तमरावाला कमी ऐकू यायचं, म्हणून ऐकलेला प्रत्येक शब्द तो परत ओरडून म्हणायचा.

"उत्तमराव, विमानाचं पॅकिंग पाह्यजे! चारच्या आत, शिवणीले! घरी रजियाबीले सांगा!"

"विमानाचं पॅकेज? चारच्या आत? शिवणीले?" उत्तमराव ओरडला, आणि लाइन कटली.

आता त्या वर्षी वऱ्हाडात दुसरा शब्दच नव्हता. शेतकऱ्यांच्या मदतीचं सरकारी पॅकेज जाहीर झालं, पॅकेज निघालं, पॅकेज अमरावतीपर्यंत आलं, असं रोज पेपरात यायचं. पाहिलं मात्र कोणीच नव्हतं. बूथवर रांगेत सात जण होते. ते फोन न करताच पांगले.

अडीच वाजता शिवणीला पहिली जीप आली, तीन वाजता अकरावी. माणसं टपावर, बॉनेटवर, एकमेकांवर. प्रत्येकाच्या हातात पिशवी, पिशवीत सातबारा, रेशनकार्ड आणि दोन फोटो. सगळ्यात पुढे दर्यापूरचे पंजाबराव. त्यांनी कॅप्टनच्या खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या पाहिल्या आणि सरळ हार घातला.

"साहेब, पॅकेज कुठं उतरवून राहिले?"

"अहो, कसलं पॅकेज? इथं लीक झालंय!"

"थेच तं म्हनतो ना," पंजाबराव समजूतदारपणे म्हणाले. "लीक झालं म्हनून तं आमाले समजलं."

कॅप्टन पुण्याच्या शुद्ध मराठीत जितकं नाही म्हणत गेले, तितकी लोकांची खात्री पटत गेली. नाही म्हणतो म्हणजे सरकारीच माणूस! एकानं विमानाखाली वाकून पाहिलं, दुसऱ्यानं शेपटीवर अर्ज चिकटवला. साडेतीन वाजले. सत्तार घड्याळ पाहत होता आणि पॅकिंगचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात बाराव्या जीपमधून रजियाबी उतरली. हातात बिस्किटाचा डबा.

"सारं गाव पॅकेज पॅकेज करून राहिलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, माह्या नवऱ्याले पॅकेज कोन सांगते? पॅकिंगच म्हटलं असंन."

पंजाबरावांनी डबा उघडला. आत एक रबराचं कडं होतं.

"एकच?" ते म्हणाले. "इतक्या लोकायले?"

सत्तारनं हात जोडून खरं काय ते सांगितलं. वाटलं, आता मार बसणार. पण लोक नुसते त्या एका कड्याकडे पाहत राहिले, आणि ते मारापेक्षा वाईट होतं. शेवटी पंजाबरावच म्हणाले, "आलोच हावो तं हात लावू. सांग, कुठं धरायचं?"

कॅप्टननी दाखवलेल्या जागी वीस जणांनी खांदा लावला. विमान बैलगाडीसारखं अलगद उचललं गेलं. पॅकिंग बसलं, तेल भरलं, हवा भरली, पाय ताठ उभा राहिला. चारला पाच कमी.

सत्तार विमानात चढताना पंजाबराव खालून म्हणाले, "वरून पाहून ये बाप्पा, पॅकेज कुठं गळून राहिलं थे. मुंबईहून तं भरून निघते म्हनतात."

सत्तारनं मान डोलावली. विमान उडालं, आणि उडाल्यापासून उतरेपर्यंत त्यानं डोळे गच्च मिटून घेतले होते.

उतरल्यावर तो धावत डाव्या पायाशी गेला, वाकून पांढऱ्या रुमालानं नळी पुसली आणि रुमाल सगळ्यांसमोर उंच धरला.

"एक थेंब नाही!"

पंजाबरावांनी सातबाऱ्याची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"मले वाटलंच होतं," ते म्हणाले, आणि जीपकडे निघाले.