फुटक्या काचेचे चार नमुने

माझा फोटो हुकत नाही. हे मी गर्वानं म्हणत नाही, मोजून म्हणते. जर्मनीतल्या येना शहरातल्या आमच्या संस्थेत चार वर्षं मी काचांचे आणि स्फटिकांचे फोटो काढते आहे. केसाच्या विसाव्या भागाएवढी चीर असली तरी ती माझ्या फोटोत पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी सरळ बसते. म्हणूनच २००५च्या मार्चमध्ये उवेनं मला फोटो काढायला बोलावलं, तेव्हा मी फक्त वेळ लिहून घेतली आणि एकही प्रश्न विचारला नाही. निदान एक तरी विचारायला हवा होता.

उवे आमच्या वर्कशॉपचा मेकॅनिक. पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला. दिवसाला सरासरी अकरा शब्द बोलणार, त्यातले तीन ‘या’, ‘या’ आणि ‘गेनाऊ’, म्हणजे ‘हो’, ‘हो’ आणि ‘अगदी बरोबर’. त्या दिवशी मात्र दारात उभा राहून म्हणाला, “शनिवारी तीन वाजता माझ्या घरी. ब्रुखग्लास. प्रोबे. कॅमेरा आणशील? ही संधी पुन्हा येणार नाही.”

ब्रुखग्लास म्हणजे फुटकी काच. प्रोबे म्हणजे नमुना. दिवसातून चाळीस वेळा हे शब्द मी ऐकते. माझं जर्मन प्रयोगशाळेतच लहानाचं मोठं झालंय, ते कधी बाहेर खेळायला गेलेलं नाही. मी ‘या, गेनाऊ’ म्हणून टाकलं.

शनिवारी माझा नवरा विनय न्युरेम्बर्गला ऑफिसात अडकलेला होता आणि सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या होत्या.

“फुटकी काच बघायला चाललीस?” सासूबाई म्हणाल्या. “मग मीही येते. इथं बसून खिडकीची धड काच किती वेळ बघू?”

मी जवळून फोटो काढायची माझी १०० मिलिमीटरची लेन्स घेतली, चिमटा घेतला, हातमोजे घेतले आणि तुकड्यांसाठी झाकणाच्या सहा डब्या घेतल्या. दुसरी लेन्स घेतली नाही. काचेच्या तुकड्याला कशाला लागते?

उवेचं घर टेकडीच्या उतारावर. तळघरातून प्रचंड आवाज येत होता. आत काहीतरी सपाटून फुटत होतं, त्यामुळे पत्ता बरोबर असल्याची माझी खात्री पटली.

दार उघडलं तर चार माणसं. एक ड्रम बडवत होता, दोघांच्या गळ्यात गिटारी होत्या आणि माइकपाशी आमचा उवे, फाटक्या चामडी जाकिटात. जाकीट जिथं फाटलं होतं तिथं सेफ्टी पिना लावलेल्या. कानातही एक पीनच. मी हातमोजे घालून, चिमटा धरून उभी.

“काच कुठं आहे?” मी विचारलं.

“कुठली काच?”

“ब्रुखग्लास.”

“आम्हीच ब्रुखग्लास.”

“आणि प्रोबे?”

“ही चाललीय ती.”

प्रोबे म्हणजे तालीमही होते, हे मला जर्मनीत आल्यावर चार वर्षांनी, कानाचे पडदे फाटत असताना कळलं. शोधायला आले होते एक नमुना, समोर उभे होते चार.

“कोण गं हे?” सासूबाईंनी कानात विचारलं.

“आई, हा पंक बँड आहे.”

“पंक म्हणजे चिखल.”

“तो संस्कृतातला, आई.”

“इथं बघितल्यावर तसं वाटत नाही.”

मी उवेला सांगणार होते की माझ्याकडे योग्य लेन्स नाही, पुढच्या शनिवारी येते. तेवढ्यात त्यानं बोलायला सुरुवात केली आणि त्याचा महिन्याभराचा कोटा तिथंच संपवला.

ब्रुखग्लास १९८२ साली याच तळघरात सुरू झालं होतं. तेव्हा इथं पूर्व जर्मनी होता, असलं संगीत वाजवणं सरकारला खपत नसे आणि कॅमेरा घेऊन येणारा माणूस खबऱ्याच असणार असं सगळे धरून चालत. त्यामुळे फोटो काढायचा नाही, काढू द्यायचा नाही. पुढच्या वर्षी बेस गिटार वाजवणाऱ्या हेनिंगला देशाबाहेर घालवून दिलं. बावीस वर्षांनी तो काल नॉर्वेहून आला होता. उद्या सकाळी परत जाणार होता.

“मग तुमचा एकही फोटो नाही?”

“आहेत ना,” उवे म्हणाला. “बर्लिनची भिंत पडल्यावर माझी सरकारी फाइल बघायला मिळाली, त्यात अकरा आहेत. फोटोग्राफर पगारी होता, झुडपात बसायचा. सगळे पाठमोरे आलेत. माझी मुलगी विचारते, यातला तू कुठला? मलाही सांगता येत नाही.”

यावर पुढच्या शनिवारी येते असं कोण म्हणेल? मी कॅमेरा डोळ्याला लावला. उवेचा कान आला. मागं सरकले. कान आणि गाल. पाठ भिंतीला टेकली तेव्हा दोघं मावले आणि ड्रमरचा एक गुडघा.

मी हिशोब केला. चौघं ओळीत म्हणजे तीन मीटर. त्यांना माझ्या लेन्समध्ये मावायचं तर अंतर हवं साडेआठ मीटर. तळघर पाच मीटरचं. राहिलेले साडेतीन मीटर भिंतीच्या पलीकडे होते.

पण त्या भिंतीला पूर्वी कोळसा टाकायचं लोखंडी दार होतं, रुंद आणि माझ्या कमरेएवढ्या उंचीचं. ते उघडलं की परसातून थेट आत दिसे. मात्र चेहरे दिसायचे तर कॅमेरा जमिनीलगत हवा. आणि साडेतीन मीटरवर नेमकं झुडूप होतं.

“हलू नका,” मी सांगितलं. “आत उजेड कमी आहे. मी बाहेरून काढते.”

बर्फ नुकतंच वितळलं होतं. मी पालथी पडून कोपरांवर सरपटत झुडपात शिरले आणि संस्कृतातला पंक काय असतो ते मला आतल्या कपड्यांपर्यंत कळलं. एक डबी चिखलात रोवून तिच्यावर कॅमेरा टेकवला. आत सासूबाई ‘सरला’ एवढीच स्वतःची ओळख करून देऊन कामाला लागल्या होत्या. उवेच्या जाकिटाची बाही लोंबत होती. त्यांनी आपल्या बांगडीत अडकवलेल्या सात-आठ पिनांमधली एक काढली आणि बाही आतून टाचली. उवे त्या बांगडीकडे बघतच राहिला.

“या कधीपासून?” त्यानं खुणेनं विचारलं.

कधीपासून पंक आहात, असं त्याला विचारायचं असावं. सासूबाईंनी बोटांनी उत्तर दिलं: चाळीस वर्षं. चौघांनी आदरानं माना झुकवल्या.

“तयार?” मी झुडपातून ओरडले.

चौघांनी दाराकडे पाहिलं. झुडपात लेन्स चमकत होती. आणि एका क्षणात, कुणी कुणाला काही न सांगता, चौघंही मागच्या भिंतीकडे तोंड करून वळले.

मी बटण दाबलेलं होतं. चार पाठी. बारावा फोटो.

“उवे, मी आहे, विभा! वळा!”

“कळतंय,” भिंतीकडे बघत उवे म्हणाला. “शरीर ऐकत नाही.”

दोनदा प्रयत्न झाला. वळायचे, लेन्स दिसायची, पुन्हा पाठ. हेनिंगला हसू यायला लागलं, मग ते हसू कसंतरीच झालं आणि तो हातानं डोळे पुसायला लागला. ढगांमुळे उजेडही उतरत होता. मला वाटलं, संपलं. माझ्या मोजमापात ही गोष्ट कुठंच नव्हती.

“काय झालं गं?” सासूबाई आतून म्हणाल्या.

“आई, ते घाबरतात. पूर्वी त्यांचे असेच लपून फोटो काढायचे. त्यांची तोंडं इकडं व्हायला हवीत.”

सासूबाईंनी छत्तीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवलंय, शिवाय शनिवारची कवायतही घ्यायच्या. त्यांनी पदर खोचला, एक पाऊल मागं घेतलं आणि तळघराचं छत हादरेल अशा आवाजात म्हणाल्या, “पीछे मुड!”

मला शपथेवर सांगता येईल, त्या चौघांना हिंदीचं अक्षर येत नाही. पण पूर्व जर्मनीच्या शाळांतही कवायत होती. आयुष्यभर कुणाचा हुकूम न मानलेली ती चार माणसं टाचेवर गर्रकन वळली, पाय जुळवले, हात मांड्यांना चिकटवले.

मी बटण दाबलं.

सोमवारी संध्याकाळी फोटो धुऊन आला. सगळे चेहरे स्पष्ट. छात्या पुढं, हनुवट्या वर. कोणत्याही पंक बँडचा इतका शिस्तीत उभा राहिलेला फोटो जगात नसेल. मी तो उवेला देताना आधीच माफी मागितली.

त्यानं फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मग एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत हळूच म्हणाला, “हा मी. हा हेनिंग. हा मी. हो. हा मी.”

एक प्रत नॉर्वेला गेली, एक मुलीला. एक वर्कशॉपमध्ये लेथच्या वर लागली आहे. आल्यागेल्याचं तिकडं लक्ष जातंच. परवा मी काचेचं माप द्यायला गेले होते, तेव्हा बर्लिनहून आलेले एक प्राध्यापक तो फोटो फार बारकाईनं न्याहाळत होते.

“विलक्षण आहे,” ते म्हणाले. “फोटो कुणी काढला?”

मी गळा साफ केला.

“सरलानं,” उवे म्हणाला, आणि मग माझ्याकडे बोट दाखवून, कुणावर अन्याय व्हायला नको म्हणून, पुढं म्हणाला, “हिनं बटण दाबलं.”