बावीस डब्यांची खिरापत

छापून आलेली कार्यक्रमपत्रिका कुंदाने चहा पिता पिता वाचली आणि आठव्या क्रमांकाशी थांबली.

"हे काय? 'आठ : सचिवांचा राजीनामा मंजूर करणे.' अहो, लोकांना भुलाबाईची गाणी ऐकायला बोलावलं ना तुम्ही?"

"असू दे," उद्धव पांढरीपांडे म्हणाले. "छापलेली गोष्ट जानराव टाळत नाहीत. आता तेवढाच मार्ग उरला होता."

उद्धवराव दिवसा अमरावतीतल्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवत आणि उरलेल्या वेळात नगर वारसा व लोककला समितीचे सचिव असत. शहराचा वारसा जपायचा म्हणजे काय, हे त्यांना नऊ वर्षांत नीट कळलं होतं. खुर्च्या मागवायच्या, माइकवाला फोन उचलत नाही म्हणून त्याच्या घरी जायचं, आणि पाहुण्यांना कोणत्या रंगाचा फेटा चालत नाही ते आधीच विचारून ठेवायचं. दंडार, खडी गंमत, गोंधळ, भीमगीतं, सगळ्यांचे कार्यक्रम त्यांनी केले होते. त्यातला एकही पाहिला नव्हता, कारण कार्यक्रम चालू असताना ते जनरेटरजवळ उभे असत.

राजीनामा त्यांनी याआधी तीनदा दिला होता. पहिल्यांदा अध्यक्ष जानराव म्हणाले, "कार्यक्रम तं होऊन जाऊ द्या." दुसऱ्यांदा म्हणाले, "आताच तं कार्यक्रम झाला, काहून घाई करता?" तिसऱ्यांदा त्यांनी कागद न वाचताच घडी करून खिशात घातला आणि उद्धवरावांच्या तब्येतीची चौकशी केली.

जानराव एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. माणूस सरळ, पण सभा असो की गाण्याचा कार्यक्रम, त्यांच्या लेखी ती एक गाडीच होती. ती वेळेवर सुटायची आणि वेळेवर लागायची. वेळेत न झालेला विषय पुढच्या सभेत जायचा, आणि पुढची सभा दिवाळीनंतर असायची. दिवाळीनंतर लग्नं, लग्नांनंतर परीक्षा, परीक्षांनंतर अमरावतीचा उन्हाळा. म्हणजे यंदाचा विषय राहिला की तो थेट पुढच्या आश्विनात. उद्धवरावांना पुढचा आश्विन मोकळा हवा होता. बाकी त्यांना आयुष्याकडून आता फारसं काही नको होतं.

भुलाबाई म्हणजे विदर्भातला भोंडला; त्या गाण्यांची जबाबदारी माणिकबाईंकडे होती. माणिकबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्या बसल्या की आजूबाजूचे लोक आपोआप ताठ बसत.

"गाण्यांनंतर खिरापत ओळखायचा कार्यक्रम खराखुरा झाला पायजे," त्यांनी नियोजनाच्या बैठकीत बजावलं होतं. "डबा झाकलेला. आत काय हाये ते कोणाले सांगायचं नाही. ओळखल्याशिवाय कोणी उठायचं नाही. मागच्या वर्षी एका ठिकाणी वेफरचे पुडे वाटले. मी तशीच घरी गेली."

बैठक संपावी म्हणून उद्धवराव म्हणाले, "बाई, परंपरा जशीच्या तशी." हे वाक्य सगळ्यांना इतकं आवडलं की ते बॅनरवर गेलं.

उद्धवरावांची चूक झाली ती इथे. लहानपणी बहिणीच्या भुलाबाईत ते जायचे, पण फक्त खायला. नियम मुलींचे होते. त्यांना एवढंच आठवत होतं की डबा वाजवतात, लोक ओळखतात आणि मग खायला मिळतं. एक डबा, एक उत्तर. खिरापतीचा सातवा विषय संपला की आठवा.

प्रमुख पाहुणे होते भगवंतराव, माजी नगरसेवक आणि होऊ घातलेले आणखी काहीतरी. त्यांना त्याच रात्री अकोल्याला स्वतःच्या सत्काराला पोचायचं होतं, म्हणून ते साडेसहाला निघणार होते. त्यांचा फार वेळ जाऊ नये यासाठी उद्धवरावांनी एक तजवीज केली. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी कुंदा खोबऱ्याच्या वड्या थापताना त्यांनी पाहिली होती. भगवंतराव मंचावर बसताच ते त्यांच्या कानाशी वाकले.

"भाऊ, खिरापत विचारतील. खोबऱ्याच्या वड्या आहेत."

"समजलं," भगवंतराव ओठ न हलवता म्हणाले. त्यांना याची सवय होती.

कार्यक्रम सुंदर चालला होता. भुलाबाई-भुलोजींची मूर्ती सजली होती, बायांची गाणी रंगली होती. मंगल कार्यालयात खुर्च्या पुरल्या होत्या, हे तर समितीच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं. सहा वाजता सहावा विषय संपला. जानरावांनी घड्याळ पाहिलं.

"गाडी टायमात हाये," ते म्हणाले.

माणिकबाई उठल्या. त्यांनी रुमालाने झाकलेला डबा कानाच्या उंचीला धरून वाजवला. "सांगा, काय हाये? पयला मान पाहुण्यांचा."

भगवंतरावांनी डोळे मिटले. सभेला आपण विचार करताना दिसलं पाहिजे, एवढा वेळ त्यांनी घेतला. "गोड का तिखट?"

"गोड."

"मंग… खोबऱ्याच्या वड्या!"

"नाही."

भगवंतरावांनी डोळे उघडले आणि उद्धवरावांकडे पाहिलं. मग, प्रश्न कसाही आला तरी ठरलेलं उत्तर सोडायचं नाही या राजकारणातल्या अनुभवाने, आवाज वाढवून म्हणाले, "खोबऱ्याच्या वड्या!"

"मोठ्यानं सांगून वड्या होते का? नाही म्हणलं ना."

"बाई, डब्यात एकडाव पाहा तं."

"पाहू काय? मीच केलं हाये."

उद्धवराव मंचामागे धावले. तिथे कुंदा उभी होती.

"कुंदा, तुझ्या वड्या कुठे गेल्या?"

"कुठे जातील? माझा डबा खाली आहे."

"कशाच्या खाली?"

कुंदाने पडदा सारला. टेबलावर डब्यांची उतरंड लागली होती. स्टीलचे, पितळी, प्लास्टिकचे, आणि एक तर चक्क प्रेशर कुकर.

"प्रत्येकीनं आपापली खिरापत आणायची असते," कुंदा म्हणाली. "एकीचीच असते का कधी? बावीस जणी गाऊन राहिल्या, बावीस डबे."

"आणि हे सगळे ओळखायचे?"

"मग काय आणले कशाला?"

उद्धवरावांनी वाणिज्याचं उभ्या आयुष्यातलं ज्ञान वापरून मनातल्या मनात गुणाकार केला. उत्तर दिवाळीच्या पलीकडे गेलं.

ते वाकून मंचावर गेले. "बाई, दोन-तीन डबे ओळखून थांबलं तर नाही का चालणार?"

"चालते ना. पण कोणाचे डबे बंदच ठेवू, तेवढं तुमी माइकवर सांगा," माणिकबाई म्हणाल्या. "जिचा ठेवान तिच्या तोंडाले मग तुमी लागा. अन् हे मागं काय लिवलं हाये? वाचा."

उद्धवरावांनी मागे वळून बॅनर वाचला नाही.

पहिला डबा कुणाला ओळखू येईना. 'हरलो' म्हटलं की डबा उघडतात, पण भगवंतराव निवडणुकीच्या तोंडावर तो शब्द माइकवर उच्चारायला तयार नव्हते. शेवटी मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने 'जवसाचे लाडू' म्हटलं आणि सुटका झाली. साडेसहा होऊन गेले होते. भगवंतरावांचा स्वीय सहायक ओमप्रकाश मंचाच्या पायरीशी येऊन कुजबुजला.

"भाऊ, निघा लागते. अकोल्याचे फोन येऊन राहिले."

भगवंतराव अर्धे उठले.

"बसा," माणिकबाई म्हणाल्या. "खिरापत सोडून उठणं म्हंजे या समद्या बायांचा अपमान हाये."

भगवंतरावांनी समद्या बायांकडे पाहिलं. सभागृह भरलेलं होतं आणि बहुतेक वॉर्ड त्यांचाच होता. ते बसले.

दुसऱ्या डब्यात करंज्या निघाल्या, तिसऱ्यात मुगाचे लाडू. दोन्ही वेळा बायांनी ओळखलं आणि भगवंतराव हात जोडून हसले. चौथा डबा वाजला तेव्हा त्यांनी मान तिरकी केली. "थांबा. पुन्हा वाजवा. …फुटाणे!"

"बरोबर!" माणिकबाई म्हणाल्या आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

गेल्या निवडणुकीपासून भगवंतरावांना असं काही मिळालं नव्हतं. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी फेटा काढून खुर्चीवर ठेवला, बाह्या सारल्या आणि ओमप्रकाशला म्हणाले, "अकोल्याले सांग, रस्त्यात हावो म्हणा."

"भाऊ, तिकडे हार आणून ठेवले त्यायनं."

"हार कुठं पळून चालले? बाई, पुढचा आणा. अन् कोणी मधात बोलायचं नाही, मीच ओळखतो!"

मग कुणालाच घाई करता येईना. भगवंतराव डबा कानाशी नेत, हातात तोलून पाहत. माणिकबाईंना उलटतपासणीसारखे प्रश्न विचारत. "तळलेलं का भाजलेलं?" "गूळ का साखर?" "सणाले करता का रोज?" माणिकबाईंनाही इतका तयार विद्यार्थी फार वर्षांत भेटला नव्हता. पाचवा डबा भगवंतरावांनी नऊ चुका करून ओळखला आणि दोन्ही हात वर केले.

कार्यालय आठपर्यंतच घेतलेलं होतं. आठला साखरपुडा होता. सवासातलाच मुलाकडची आणि मुलीकडची मंडळी फुलांच्या परड्या घेऊन आली आणि रिकाम्या दिसतील त्या खुर्च्यांवर बसली. थोड्या वेळात मुलाचे काका उभे राहिले.

"अनारसे!"

"ओ, तुमी बाहेरचे हा!" भगवंतराव माइकवरून ओरडले.

"बाहेरचे कसे? चांदूर बाजारचे हावो आमी!"

दरवेळी मूळ गाण्यातल्या बाया एका बाजूला आणि साखरपुड्याच्या बाया दुसऱ्या बाजूला असा कौल पडू लागला. नवरा मुलगाही हळूच काहीतरी ओळखून बसला आणि सासुरवाडीची माणसं त्याच्याकडे कौतुकाने पाहू लागली.

उद्धवराव जानरावांजवळ गेले. त्यांनी आवाज खाली आणला.

"जानरावजी, आठवा विषय आधी घ्या. एका मिनिटाचं काम आहे."

"सातवा झाल्याबिगर आठवा कसा घेता, सर? बडनेरा आल्याबिगर मूर्तिजापूर येते का?"

"एवढ्या एका वेळी…"

"आठ वाजता गाडी बंद. राहिलेलं दिवाळीनंतर पाहू," जानराव म्हणाले. आणि मग, माणूस वाईट नसल्यामुळे, पुढे म्हणाले, "तब्येत बरी हाये ना?"

उद्धवराव मंचाच्या पायरीवर बसले. आणखी एक वर्ष. आणखी फेटे. कुंदाने पडद्याआडून ते पाहिलं. तिने नवऱ्याला कार्यक्रमात धावताना, ओरडताना, अंधारात तारा जोडताना पाहिलं होतं. बसलेलं पाहिलं नव्हतं. शिवाय तिला भूक लागली होती.

ती कार्यालयाच्या स्वयंपाकघरात गेली आणि पोळ्यांची कणीक मळतात तेवढी मोठी परात घेऊन मंचावर आली. परात तिने खाली ठेवली, एक डबा उघडला आणि उपडा केला. मग दुसरा. मग तिसरा.

"अवं कुंदा! काय करून राहिली?" माणिकबाई किंचाळल्या.

कुंदा थांबली नाही. चकल्यांवर शंकरपाळे पडले, त्यावर शेव, त्यावर साखरेत घोळलेलं काहीतरी, त्यावर तिच्या स्वतःच्या वड्या. शेवटी कुकर. कुंदाने परातीवर रुमाल झाकला आणि कोपरा उचलून भगवंतरावांसमोर धरला.

"बाई, कुणाचाच डबा बंद ठेवला नाही," ती म्हणाली. "सगळ्यांची खिरापत आहे. आता फक्त एकदाच ओळखायचं. भाऊ, सांगा, काय आहे?"

भगवंतराव वाकले. त्यांनी आत पाहिलं, वास घेतला, पुन्हा पाहिलं. घड्याळात आठला पाच मिनिटं कमी होती.

"हा तं…" ते सावकाश म्हणाले, "काला झाला."

सगळे माणिकबाईंकडे पाहू लागले. बाईंच्या चेहऱ्यावर राग स्पष्ट होता. पण बरोबर उत्तराला चूक म्हणणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

टाळ्या इतक्या वाजल्या की साखरपुड्याचा बँडवाला चुकून सुरू झाला. काला वाटला गेला. शेवेला गूळ लागला होता आणि लाडवाला तिखट, पण कुणी तक्रार केली नाही.

"विषय आठ," जानराव माइकवर म्हणाले. "सचिवांचा राजीनामा. मंजूर."

नऊ वर्षं एका शब्दात संपली. उद्धवरावांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. त्यांनी शालीच्या टोकाने डोळे पुसले. लोकांना वाटलं, समिती सोडताना वाईट वाटून राहिलं.

तेवढ्यात भगवंतरावांनी माइक ओढला. "पण गाडी डायवरबिगर कशी चालन? मी म्हणतो, आता सचिव वहिनीच! काय डोकं लावलं त्यायनं! काहो बाई?"

माणिकबाईंनी क्षणभर कुंदाकडे रोखून पाहिलं. "शिस्त लावीन मी तिले," त्या म्हणाल्या. बावीसच्या बावीस बायांनी टाळ्या वाजवल्या. कुंदा "नाही हो, नाही" म्हणत होती, पण तिच्याकडे माइक नव्हता.

"मंजूर," जानराव म्हणाले. "गाडी लागली. चला, हॉल खाली करा."

सर्वांत मोठ्याने टाळ्या उद्धवरावांनी वाजवल्या. बायकोचा मान झाला याचा त्यांना खराच आनंद झाला होता. घरी जाताना शाल त्यांनी काढली नाही, उकडत होतं तरी.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. उद्धवराव पाय लांब करून पेपर वाचत बसले. त्यांनी अग्रलेखसुद्धा वाचला. कुंदा आतून आली, तिच्या हातात त्यांची पिशवी होती.

"अहो, आंघोळ करून घ्या. दर्यापूरच्या दंडारीवाल्यांशी बोलून यायचं आहे. पौषात कार्यक्रम ठेवू म्हणून राहिले जानरावजी. बसनं जा, जीपमध्ये कंबर धरते तुमची."

"मी?" उद्धवराव म्हणाले. "कुंदा, मी राजीनामा दिला आहे."

"समितीचा दिला ना?" कुंदा म्हणाली आणि पिशवीत पाण्याची बाटली ठेवली.

सचिव असताना निदान राजीनामा लिहून कुणाकडे द्यायचा, हे तरी माहीत होतं. उद्धवरावांनी पेपरची घडी घातली आणि विचारलं, "दर्यापूरची बस किती वाजता आहे?"