नुसते चाचपायचे

“चौदा नंबरची खोली मला नाताळच्या आत रिकामी हवी,” डीन लॉइड केम्पर म्हणाले. “तिथं पाठ तपासायचं यंत्र बसवायचंय.”

अर्डिस हॅल्वरसन दारातच थबकली. चौदा नंबरच्या खोलीत डॉ. ऑर्विल टीडमन उभा जन्म एकच विषय शिकवत आले होते, बोटांनी पाठ वाचायचा. अमेरिकेत आयोवातल्या त्या कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने मणके बसवायला शिकवणाऱ्या, कॉलेजातून बाहेर पडलेला असा एकही विद्यार्थी नव्हता, ज्याने त्या खोलीत डोळ्यांवर रुमाल बांधून टेलिफोन डिरेक्टरी चाचपली नव्हती. तेव्हा दर वर्षी नवी जाडजूड डिरेक्टरी दाराशी येऊन पडे आणि जुनी लोक आनंदाने टीडमन सरांना देऊन टाकत. सर पानाखाली एक केस ठेवायचे आणि म्हणायचे, “शोध.” सापडला की वर आणखी एक पान, मग आणखी एक. ज्याला पानांच्या थराखालचा केस कळतो त्याला कातडीखालचा जखडलेला मणका कळणारच, असे त्यांचे साधे गणित होते. अर्डिस त्या खोलीत दोनदा रडली होती. एकदा केस सापडला नाही म्हणून, आणि एकदा सापडला म्हणून. आता ती स्वतः त्याच कॉलेजात शिकवत होती, संशोधनही करत होती, पण त्या दारावरून जाताना अजून तिची बोटे वळवळत.

“आणि सर?” तिने विचारले.

“सरांना फुलं देऊ. भरपूर.” डीनसाहेबांनाही बोलताना अवघड वाटत होते. “हे बघ अर्डिस, मीसुद्धा त्यांच्याच हाताखाली शिकलोय. पण एकाच पाठीवर दोन कायरोप्रॅक्टर बसवले तर दोघं दोन ठिकाणी बोट ठेवतात, असं जग म्हणतं. यंत्र निदान दोन्ही वेळा एकच सांगतं.”

“जग म्हणतं. आपण कधी तपासून बघितलंय?”

“मग बघ ना तूच. कर अभ्यास. दोघांचं बोट एकाच मणक्यावर पडलं तर खोली सरांची, नाही पडलं तर यंत्राची. आणि तुझा अभ्यास पुरा होईपर्यंत त्या खोलीतली खुर्चीसुद्धा हलणार नाही. शब्द दिला.”

अर्डिस जिन्यावरून जवळजवळ उड्या मारतच खाली आली. तिला वाटले, यात काय अवघड आहे? सरांच्या हाताखाली तयार झालेले लोक चुकणार कसे?

बेत अगदी सोपा होता. माणसाला पालथे झोपवायचे. आधी टीडमन सरांनी पाठ चाचपायची, जखडलेला मणका सापडला की त्यावर न दिसणाऱ्या शाईने ठिपका द्यायचा आणि बाहेर जायचे. मग डॉ. ट्रॉय लिंडक्विस्टने यायचे. हा कॉलेजातला सगळ्यात तरुण शिक्षक, सरांचा शेवटचा लाडका चेला. त्यानेही चाचपून आपला ठिपका द्यायचा. मग अर्डिस निळ्या दिव्याखाली बघणार, ठिपके एकावर एक पडलेत की नाही.

“फक्त चाचपायचं,” तिने दोघांना बजावले. “मणका बसवायचा नाही. सापडला, खूण केली, बाहेर.”

“मी काय पहिल्या वर्षाला आहे?” सर म्हणाले.

सुरुवात विद्यार्थ्यांपासून केली आणि तिथेच पहिली माशी शिंकली. कायरोप्रॅक्टिक कॉलेजात जखडलेली पाठ सापडणे म्हणजे हलवायाच्या घरात उपाशी माणूस सापडण्यासारखे होते. ही पोरे जेवणाच्या टेबलावर एकमेकांची मान मोकळी करत, वाचनालयात कंबर, पार्किंगमध्ये खांदे. परीक्षेला जाताना एकमेकांना शुभेच्छा देण्याऐवजी पाठीत टक करून देत. दोघा परीक्षकांना दिवसभरात एकही जखडलेला मणका मिळाला नाही.

“मला न हात लागलेल्या पाठी हव्यात,” अर्डिस वैतागून म्हणाली.

“मग शेतकरी आण,” सर म्हणाले. “मक्याची कापणी चाललीय. दिवसभर कापणीच्या यंत्रावर गचके खाऊन त्यांच्या पाठींची लाकडं झाली असतील.”

तशा लाकडे झालेल्या पाठी लूथरन पंथाच्या चर्चच्या तळघरात जमा झाल्या. चर्चच्या बायकांनी कॉफी ठेवली, पावाच्या बाहेर चारी बाजूंनी लोंबणारे डुकराच्या मांसाचे तळलेले काप ठेवले आणि लाल जेलीचा एक थरथरता डोंगरही उभा केला. पडद्यामागे तपासणीचे टेबल मांडले. पहिला आला ग्लेन राडेमाकर. त्याची पाठ इतकी वाकलेली होती की त्याने अर्डिसच्या बुटांकडे बघूनच नमस्कार केला.

टीडमन सर आत गेले. थोड्या वेळाने पडद्यामागून जोरात खोकल्याचा आवाज आला आणि सर बाहेर पडले. मग ट्रॉय गेला, आणि चेहरा पाडून परत आला.

“काही नाही. पाठ अगदी स्वच्छ आहे.”

“ग्लेनची?”

“ग्लेनचीच. मी दोनदा बघितली.”

दुसऱ्या माणसाचे तेच, तिसऱ्याचेही तेच. सरांचा ठिपका दर वेळी झळझळीत, ट्रॉयचा ठिपकाच नाही. अर्डिस पुन्हापुन्हा निळा दिवा धरून बघत राहिली. सर म्हातारे झाले का? त्यांना नसलेले मणके सापडायला लागले का? तिने क्रम उलटा केला. आता आधी ट्रॉय आत गेला. पडद्यामागून खोकला आला, ट्रॉयचा ठिपका मिळाला, आणि मागून गेलेले सर हात झटकत बाहेर आले.

“छे! या माणसाला काही झालेलं नाही. कशाला आणलंय याला?”

आकडे मांडले असते तर जगात एकमेकांशी इतके न जुळणारे दोन हात सापडले नसते. अर्डिस कॉफीच्या भांड्याजवळ जाऊन हताश बसली. तेवढ्यात ग्लेन राडेमाकर तिच्यासमोर आला. तो ताठ उभा होता आणि वर छताकडे बघत होता.

“बाई, या तळघराच्या छताला निळा रंग कधी दिला?”

“नेहमीच निळा आहे.”

“असेल. मी बरीच वर्षं बघितलं नव्हतं.”

अर्डिसच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती तडक पडद्यामागे गेली. दोघेही पुढच्या माणसाची वाट बघत तिथेच उभे होते.

“सर! तुम्ही मणके बसवताय!”

टीडमन सरांनी आधी खिडकीकडे बघितले, मग जमिनीकडे. “थोडेसेच.”

“थोडेसेच म्हणजे?”

“अगं, तो बिचारा कण्हत होता. माझ्या बोटाखाली मणका आहे, बाहेर त्याचं पीक उभं आहे, आणि मी काय करू? ठिपका देऊन टाटा करू?”

“म्हणून तुम्ही खोकत होतात! आवाज ऐकू येऊ नये म्हणून!” ती ट्रॉयकडे वळली. “आणि तू?”

“मला खरंच जरा सर्दी...” ट्रॉयने सुरुवात केली, पण तिचे डोळे बघून सर्दीचा नाद सोडला. “सरांनीच शिकवलंय,” तो पुटपुटला. “जखडलेला मणका सापडल्यावर हात काढून घेणं म्हणजे बुडणाऱ्याला बघून टोपी उचलून नमस्कार करत पुढं जाणं.”

“शिकवलंय खरं,” सर खूश होऊन म्हणाले.

अर्डिसला हसावे की रडावे कळेना. “सर, ही तुमच्या खोलीची गोष्ट आहे हो! डिरेक्टऱ्या, टेबलं, सगळं जाईल. पोरं यंत्राकडं बघायला शिकतील. तुम्ही स्वतःच्या हाताने दार लावून घेताय.”

सरांनी हात कोटाच्या खिशात घातले. “उद्यापासून नाही करणार,” ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की अर्डिसलाच वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः पडद्यामागे खुर्ची टाकून बसली. सरांनी एकाच हाताने चाचपायचे, दुसरा खिशात. एका हाताने काय मणका बसणार, अशी तिची समजूत. सरांनी पाठीवर हात फिरवला, थांबले, ठिपका दिला. मग अगदी सहज म्हणाले, “गड्या, तो गुडघा जरा पोटाशी घे. आता मोठा श्वास. आता सोड.”

टक!

“मी काही केलं नाही,” सर घाईने म्हणाले. “त्याने श्वास सोडला. आता काय माणसाने श्वास सोडायचा नाही?”

तोपर्यंत गावभर बातमी पसरली होती की लूथरन तळघरात पाठी मोकळ्या होतात आणि वर जेवायलाही मिळते. चर्चबाहेर ट्रकची रांग लागली. दुसऱ्या पंथाचे कॅथलिकसुद्धा आले. ग्लेन राडेमाकर आपल्या सासूला घेऊन आला आणि पुन्हा स्वतःही टेबलावर चढायला लागला, तेव्हा त्याला हाताला धरून खाली उतरवावे लागले. आठवडा संपेपर्यंत साऱ्या तालुक्यात वाकडा माणूस औषधालासुद्धा उरला नाही, आणि अर्डिसच्या अभ्यासात एकही धड नोंद नव्हती.

शुक्रवारी डीनसाहेब निकाल बघायला चौदा नंबरमध्ये आले. त्यांना दाराशी उभ्या असलेल्या सरांकडे बघायचे होते, पण मान वळेना, म्हणून ते सबंध शरीरासह वळले. गेली कित्येक वर्षे ते असेच वळत. आख्ख्या कॉलेजला ते दिसत होते आणि आख्ख्या कॉलेजची बोटे त्या मानेसाठी शिवशिवत होती. पण डीनच्या मानेला हात घालणार कोण?

“निकाल?” त्यांनी विचारले.

“पाठी संपल्या,” अर्डिस म्हणाली. तिने सगळे सांगून टाकले. मग एकदम तिच्या तोंडून निघून गेले, “एक मात्र उरलीय.”

दोघेही डीनसाहेबांकडे बघू लागले. डीनसाहेब दाराकडे बघू लागले, पण त्यासाठी आधी वळावे लागणार होते, तेवढ्यात सरांनी टेबलावर स्वच्छ कागद पसरला.

“झोप, लॉइड,” ते म्हणाले. त्या खोलीत ते कुणालाच साहेब म्हणत नसत.

डीनसाहेबांनी कोट काढला. पालथे पडल्यावर त्यांचा आवाज टेबलाच्या, तोंड ठेवायच्या भोकातून खालून आला. “सर, टेबलाला अजून तोच वास येतो. लिंबाच्या साबणाचा.”

“साबण बदलायला सांगितलंय कुणी?”

“मला एकदा तुम्ही याच टेबलावर झोपवून सगळ्या वर्गाला माझी पाठ वाचायला लावली होती. मला इतकी लाज वाटली होती. आणि नंतर मी घरापर्यंत पळत गेलो होतो. नुसतं पळावंसं वाटलं म्हणून.”

सरांनी बोटे ठेवली, खाली सरकवली, पुन्हा वर मानेच्या बुडाशी आणली, थांबले. एवढा वेळ त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती. मग त्यांनी ठिपका दिला, दोन्ही हात काखेत कोंबले आणि एक शब्द न बोलता बाहेर गेले. बाहेरच्या बाकावर ते स्वतःच्या हातांवर बसले. हात आवरला होता! अर्डिसला त्यांच्या गळ्यात पडावेसे वाटले. आता फक्त ट्रॉय येऊन बोट ठेवायचा अवकाश, की खोली वाचली.

ट्रॉयला मुद्दाम लांब, पार इमारतीच्या दुसऱ्या टोकाला बसवले होते. त्याला बोलवायला निरोप गेला. तो येईपर्यंत खोलीत अर्डिस, टेबल, आणि टेबलावर डीन.

सरांनी बरोबर जागा धरली असेल ना? एवढे तरी बघावे, म्हणून तिने निळा दिवा लावला. ठिपका चमकला. तिने त्यावर अलगद बोट ठेवले. अगदी तिथेच होता. कित्येक वर्षांचा, दगडासारखा, किती बैठका आणि किती भांडणे गिळून बसलेला मणका. पानांच्या जाड थराखालचा केस पहिल्यांदा लागला होता, तसाच तो तिच्या बोटाला लागला.

“अर्डिस,” खालून आवाज आला, “दुखतंय ग तिथं.”

एवढे त्यांनी बोलायला नको होते.

टक!

आवाज इतका खणखणीत होता की बाहेरच्या बाकावर सर ताडकन उभे राहिले. दारात ट्रॉय पोचला होता. त्याने निमूटपणे येऊन डीनसाहेबांची पाठ खालपासून वरपर्यंत चाचपली. मग त्याने अर्डिसकडे बघितले. तिचे तोंड पांढरेफटक पडले होते.

“काही नाही,” तो हळूच म्हणाला. “पाठ स्वच्छ आहे.”

डीनसाहेब उठून बसले. त्यांनी मान उजवीकडे नेली. मग डावीकडे, जरा भीतभीत, मग पार खांद्यावरून मागे. मागे खिडकी होती आणि खिडकीत नदी. सोयाबीन भरलेला एक लांबलचक मालवाहू पडाव प्रवाहाबरोबर संथपणे खाली चालला होता. तो वळणाआड जाईपर्यंत ते मान वळवून बघत राहिले.

“तू केलंस?” शेवटी त्यांनी विचारले.

“मीच.” अर्डिस टेबलापासून मागे सरकली. “सरांनी हात आवरला होता. त्यांचा काही दोष नाही. अभ्यास मी बिघडवला.”

“बिघडला म्हणजे निकाल नाही?”

“नाही.”

“म्हणजे अभ्यास पुरा झाला नाही.” डीनसाहेबांनी कोट चढवला. नुसती मान वळवून त्यांनी आधी सरांकडे, मग ट्रॉयकडे, मग अर्डिसकडे बघितले. हे करताना त्यांना फार मजा येत होती. “पुरा होईपर्यंत इथली खुर्चीसुद्धा हलणार नाही, असं मी म्हटलं होतं. पुढच्या वर्षी कापणीला पुन्हा सुरू करा. नीट करा. घाई नको.”

ते गेले. जिन्यावरून त्यांची पावले ऐकू आली, आणि मग बाहेरच्या दरवाजापाशी ती चांगलीच भरभर पडू लागली.

टीडमन सर टेबलावरचा कागद गुंडाळत होते. ते हसत होते की काय, ते पाठमोरे असल्याने अर्डिसला कळत नव्हते.

“म्हणजे दर वर्षी असंच?” ते म्हणाले.

“दर वर्षी.”

“आणि समजा, एखाद्या वर्षी दोघंही परीक्षक निघाले पक्के. दोघांनाही मणका सापडला, आणि दोघांनीही हात काढून घेतला. तर ग?”

अर्डिसने निळा दिवा बंद केला.

“तर मग सर,” ती म्हणाली, “खोली यंत्राला द्यायलाच हवी. म्हणजे आपण त्यांना काहीच शिकवलं नाही.”