पाण्याले इतवार नसते

देवरावभाऊंनी माझ्या लग्नात अक्षता टाकल्या त्या लग्नाच्या आदल्या दिवशी. मी अंगणात बनियनवर उभा राहून मांडववाल्याशी वाद घालत होतो. भाऊ सायकलवरून उतरले, खिशातून पुडी काढली, चिमूटभर तांदूळ माझ्या डोक्यावर टाकले आणि हातात स्टीलचा डबा ठेवला. "सुखात राहा मास्तर. उद्या सेकंड शिफ्ट हाय माही." मग इकडेतिकडे पाहत त्यांनी विचारलं, "नवरी कुठी हाय?"

नवरी तेव्हा यवतमाळला तिच्या बापाच्या घरी होती.

"मंग तिच्या वाटनीच्या बी तुमच्यावरच टाकतो," म्हणाले आणि उरलेली पुडी माझ्या डोक्यावर रिकामी केली.

देवरावभाऊ राजूरच्या कोळसा खाणीत पंप खलाशी होते, आणि आमचे शेजारी. जमिनीच्या पोटात पाणी सारखं झिरपत असतं. ते उपसलं नाही तर खाण बुडते. म्हणून पंपावर माणूस हवाच, आणि पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय तिथून हलायचं नाही. रिलीव्हर कधी आजारी पडे, कधी सासुरवाडीला जाई, कधी नुसताच पडे. मग भाऊंची पाळी लांबायची. सुट्टीचा विषय काढला की त्यांचं उत्तर ठरलेलं, "पाण्याले इतवार नसते."

इकडे गोतावळा मोठा आणि स्वभाव असा, की कोणी पत्रिका दिली आणि हे गेले नाहीत तर यांनाच अन्न गोड लागायचं नाही. यातून त्यांनी स्वतःची वाट काढली. ज्या दिवशी कार्यक्रम त्या दिवशी ड्युटी असेल, तर आदल्या दिवशी जाऊन यायचं. बारसं असो, साक्षगंध म्हणजे साखरपुडा असो, वास्तुपूजा असो. एका तेरवीला ते बाराव्या दिवशीच जाऊन पोचले. घरच्यांनी बिचाऱ्यांनी घाईघाईनं पिठलं-भाकर केली. एका पुतणीच्या लग्नात सुट्टी मिळायची नाही असं दिसलं, तेव्हा साक्षगंधातच आहेराचा डबा देऊन मोकळे झाले. पुढे ते लग्नच मोडलं. भावानं डबा परत आणून दिला तर म्हणाले, "ठेव ना बापा. पोरगी काय मोडली नाही." वर्षभरानं तिचं दुसरीकडे जमलं, तेव्हा हे रिकाम्या हातांनी गेले. "माहा आहेर झाला हाय," असं तिथल्या पाहुण्यांना स्वतःच सांगत होते.

आम्ही त्यांची चिक्कार थट्टा केली. पण आदल्या दिवशी येणारा माणूस कामाचा असतो, हे गावाला हळूहळू कळलं. जेवणावळ, मानपान, रुसवेफुगवे यांत भाऊंना रस नव्हता. ते आल्याबरोबर विचारायचे, "पाण्याचं काय केलं?" मग विहिरीवर मोटार बसवणं, नळी जोडणं, ड्रम धुऊन घेणं, आचाऱ्याजवळ किती आणि हात धुवायला किती याची वाटणी, हे सगळं त्यांच्याकडे. "भाजी कमी पडली त लोक दोन दिवस बोलतात. पाणी कमी पडलं त नातू-पंतूले सांगतात." सगळे ड्रम काठोकाठ भरून, वर फडकी बांधून ते ड्युटीवर जायचे. दुसऱ्या दिवशी सगळं लग्न त्यांनी भरलेलं पाणी प्यायचं आणि ते स्वतः जमिनीखाली पाणीच उपसत बसलेले असायचे.

त्या दिवसांची आठवण आली की अजून जीव हळवा होतो. एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला चुन्याच्या भट्ट्या. दोरीवरचा सदरा काळा झाला की पांढरा, त्यावरून वारा कुठला ते आम्हाला समजे. माझ्या शाळेची घंटासुद्धा खाणीच्या भोंग्यावर चालायची. तेव्हा त्या भोंग्याला आम्ही शिव्या दिल्या. आता तो ऐकायला मिळावा असं फार वाटतं.

भाऊंची बायको लवकर गेली. बेबी ही एकुलती एक मुलगी, तिला त्यांनी एकट्यानं वाढवलं. तिच्या लग्नाला मात्र त्यांना रीतसर सुट्टी मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा लग्नाच्या दिवशी लग्नात हजर, म्हणून ते सारखे गोंधळत होते. वरात दारात आली तरी हे ड्रमापाशी उभे. बेबी उमरखेडला गेली. निवृत्त झाल्यावर भाऊही तिच्याकडेच राहायला गेले.

यंदा आमच्या मुलीचं, मनूचं लग्न निघालं. मी भाऊंना फोन केला आणि जरा दमातच सांगितलं, "आता तुमची पाळी नाही, रिलीव्हर नाही. लग्नाच्या दिवशी यायचं. मनू तुमच्या अंगाखांद्यावर वाढली आहे."

"येतो ना मास्तर. काहून नाही येनार?"

आदल्या दिवशी सवयीनं मी रस्त्याकडे पाहत राहिलो. ते आले नाहीत. म्हटलं, बरं झालं, उद्या येतील. पाण्याचे थंड जार गाडीनं आले, ड्रम लागलेच नाहीत. लग्न लागलं, पंगती उठल्या, मनूची पाठवणी झाली. भाऊंचा पत्ता नाही. निघताना मनूनंही विचारलं, "देवरावकाका नाही आले?" मला खरोखर राग आला.

ते आले दुसऱ्या दिवशी दुपारी, यष्टीनं, हातात पिशवी घेऊन. पाहुणे सकाळीच पांगले होते. ही आत डोक्याला पदर बांधून पडली होती.

"काल झालं लग्न," मी म्हणालो.

"मालूम हाय. बेबी नोकरीवर जाते, नातीले शाळेतून आनाची ड्युटी माही हाय. एकाच दिवसाची सुट्टी मंजूर झाली."

"एकच दिवस होता, तर कालचा का नाही घेतला?"

भाऊ सरळ आत गेले. पिशवीतून भाकरी आणि ठेचा काढून स्वयंपाकघरात ठेवला आणि अंगणातल्या सतरंज्या घडी करायला लागले.

उन्हं उतरली तेव्हा मांडववाला शिडीवर चढून झालर सोडत होता. मी ओट्यावर टेकलो. घशाला कोरड पडली होती. "मनू, पाणी आण गं," मी हाक मारली.

मांडववाल्याचा हात थांबला. घरातून काही आवाज आला नाही.

भाऊंनी हातातली सतरंजी खाली ठेवली, आत गेले आणि तांब्या घेऊन आले. शेजारी बसत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बेबीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माही फर्स्ट शिफ्ट होती. ड्युटीवरून घरी आलो, चपला काहाडल्या अन् आवाज देल्ला, बेबे, पाणी आन वं. लय वेळ तसाच उभा राह्यलो म्या दारात."

मी तांब्या तोंडाला लावला.

"लग्नाच्या दिवशी मानसंच मानसं असतात मास्तर. दुसऱ्या दिवशी कोनी रिलीव्हर येत नाही. म्हनून आजची मांगतली सुट्टी."

मग काहीतरी आठवल्यासारखं करून त्यांनी खिशात हात घातला आणि कागदाची पुडी काढली. तांदूळ पिवळे होते, हळद लावलेले. "पोरीवर टाकाच्या राह्यल्या," ते म्हणाले. "तिच्या वाटनीच्या बी तुमच्यावरच टाकतो."

अर्ध्या उतरलेल्या मांडवाखाली त्यांनी सगळी पुडी माझ्या पांढऱ्या डोक्यावर रिकामी केली. मी ते तांदूळ झटकले नाहीत.